मोडतोड कोणाची, दुरुस्ती कोणाची

ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर तासिलाक आणि आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या इनुइट लोकांपैकी सुमारे दर दहा माणसांत एकाच्या जनुकांत एक अक्षर बदललेले आहे. सतराव्या गुणसूत्रावरच्या बीआरसीए-१ या जनुकात एके ठिकाणी टीजीटी असायला हवे, तिथे जीजीटी आहे. या एका अक्षरामुळे प्रथिनाच्या साखळीत एकोणचाळिसाव्या जागी सिस्टीनऐवजी ग्लायसीन येऊन बसते. त्या जागेवरच्या सिस्टीनचे काम दिसायला अगदी साधे असते. आणखी तीन शेजाऱ्यांच्या साथीने ते जस्ताचा एक अणू चिमटीत धरून ठेवते. चार बोटांतले एक गळाले की पकड सुटते, प्रथिनाच्या टोकाची घडी विस्कटते आणि ज्या जोडीदार प्रथिनाच्या संगतीने ते काम करते त्याच्याशी त्याचे जुळेनासे होते. २००९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हा बदल नोंदवला. साऱ्या ग्रीनलंडचा विचार केला तर वाहकांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास भरते, पूर्व किनाऱ्यावर मात्र ते दहा टक्क्यांना टेकते. अश्केनाझी ज्यूंमध्ये बीआरसीए जनुकांतले तीन प्रसिद्ध बदल एकत्र धरले तरी चाळिसांत एक वाहक सापडतो. त्यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. तासिलाकचे नाव वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही.

बीआरसीए-१ हे दुरुस्तीचे जनुक आहे. आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएला दररोज हजारो लहानमोठ्या इजा होतात आणि त्या निस्तरायला पेशीकडे वेगवेगळे कारागीर असतात. या कारागिरीचा उलगडा केल्याबद्दल २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना मिळाले. सगळ्यांत अवघड इजा म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणे. ती जोडताना शेजारच्या शाबूत प्रतीवरून हरवलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेण्याची एक पद्धत आहे, आणि बीआरसीए-१ त्या पद्धतीतला महत्त्वाचा गडी. तो नसला तर पेशी तुटकी टोके कशीबशी एकमेकांना चिकटवते. चुका साचत जातात आणि त्यांतून पुढे कर्करोग उभा राहू शकतो. पण वाहक स्त्रीच्या अंगात हा गडी नसतोच असे नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते, दुसरी आयुष्यभर काम करत राहते. स्तनातल्या किंवा अंडाशयातल्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली की मग संकट सुरू होते. म्हणजे जन्माने मिळालेला बिघाड अर्धाच असतो आणि उरलेला अर्धा जगताना घडतो.

माझे सगळे म्हणणे या उरलेल्या अर्ध्यावर उभे आहे. एखाद्या समाजात दुरुस्तीची यंत्रणा मुळातच तोकडी असेल, तर आजार त्यांच्या रक्तातच आहे असे म्हणून बाकीच्या जगाला हात झटकता येत नाहीत. त्या समाजाच्या अंगात नवी मोडतोड घालणाऱ्यांची जबाबदारी या तोकडेपणाने वाढते. जनुकीय संशोधनाच्या बातम्या वाचताना बहुतेकांच्या मनात याच्या उलटा हिशेब होतो. जनुक सापडले की कारण सापडले, आणि कारण सापडले की पर्यावरणाची, अन्नाची, कारखान्यांची चौकशी संपली, असा तो हिशेब. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत जगातले सगळ्यांत लहान समाज मोजतात.

हे अक्षर तिथे इतके पसरले कसे? १८८४ मध्ये डॅनिश नौदलातले अधिकारी गुस्ताव होल्म उमियाक नावाच्या कातडी नावांतून अमासालिकच्या, म्हणजे आजच्या तासिलाकच्या, परिसरात पोचले. या नावा सीलच्या कातड्याच्या असत आणि बहुधा बायका वल्हवत. तोवर युरोपशी जवळपास संबंध नसलेली ४१३ माणसे होल्म यांना तिथे भेटली. एका तालुक्याच्या गावातल्या एखाद्या गल्लीत मावेल एवढा हा समाज. समुद्री बर्फाने बाकीच्या जगापासून तोडलेल्या अशा मुठीएवढ्या समाजात पूर्वी कधीतरी एका माणसाकडून आलेले अक्षर निव्वळ योगायोगाने वाढते किंवा नाहीसे होते. इथे ते वाढले. यात त्या लोकांचे दौर्बल्य नाही की दोष नाही. आर्क्टिकबद्दल लिहिताना प्रत्येक जनुकीय वेगळेपणाला थंडीशी जुळवून घेतल्याची गोष्ट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. चरबीच्या पचनाशी निगडित काही जनुकांबाबत तसा पुरावाही आहे. बीआरसीए-१ च्या या बदलाने मात्र कोणाचे भले केल्याची खूण दिसत नाही. थोड्यांतून पुष्कळ झालेल्या समाजाच्या इतिहासाची ती खूण आहे. भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूह अश्केनाझी ज्यूंपेक्षाही अरुंद उगमातून आलेले आढळले, आणि त्यांतले काही दहा लाखांहून मोठे आहेत. तिथे बर्फाने जे केले ते आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्ने करण्याने केले.

अक्षर जुने आहे. कित्येक पिढ्यांपासून ते त्या किनाऱ्यावर असणार. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इनुइट स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग दुर्मीळ होता आणि पुढे तो वाढत गेला. जुने कारण नवी वाढ एकट्याने समजावू शकत नाही. यावर एक आक्षेप तत्काळ येईल आणि तो रास्त आहे. त्या काळी निदान करायला डॉक्टर कुठे होते, आणि क्षयाने माणसे तरुणपणीच जात होती तिथे कर्करोगाचे वय गाठायला उरत कोण होते? या वाढीतला काही भाग निदानाचा आणि आयुर्मानाचा आहे हे मान्यच करायला हवे. पण निदानाची अडचण नसलेल्या समाजातला पुरावाही आपल्या हाताशी आहे. बीआरसीए-१ चा ठावठिकाणा प्रथम दाखवणाऱ्या मेरी-क्लेअर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या अश्केनाझी कुटुंबांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. वाहक स्त्रियांपैकी १९४० पूर्वी जन्मलेल्यांना पन्नाशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका २४ टक्के भरला, १९४० नंतर जन्मलेल्यांना तो ६७ टक्के. जनुक तेच, घराणी तीच, आणि धोका अडीचपटीहून अधिक. पौगंडावस्थेत अंगमेहनत केलेल्या आणि स्थूल नसलेल्या स्त्रियांना आजार उशिरा झाल्याचेही त्यात दिसले. दुसरी प्रत केव्हा निकामी होणार हे जनुक एकटे ठरवत नाही, भोवतालचे जगणेही ठरवते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

तासिलाकच्या भोवतालात काय आहे? शेती नाही, कारखाना नाही, कीटकनाशक फवारायला पीक नाही. आणि तरीही पूर्व ग्रीनलंडची माणसे टिकाऊ विषारी रसायनांचा जगातला सर्वांत जड बोजा वाहणाऱ्यांत गणली जातात. ही रसायने उष्ण प्रदेशात वाफ होऊन वर जातात, थंड हवेत खाली बसतात, पुन्हा थोडी उडतात आणि नाकतोड्यासारख्या उड्या मारत ध्रुवाकडे सरकतात. तिथे ती इतकी थंडावतात की पुढे उडत नाहीत. पाण्यातून सूक्ष्म जीवांत, त्यांतून माशांत, माशांतून सीलच्या चरबीत, सीलमधून पांढऱ्या अस्वलात अशी ती पायरीपायरीने दाट होत जातात. माणूस या जिन्याच्या वरच्या टोकाला बसलेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात क्यूबेकमधले डॉक्टर एरिक देवायी आईच्या दुधातल्या रसायनांची मोजणी करत होते आणि तुलनेसाठी निर्मळ नमुने हवेत म्हणून त्यांनी उत्तरेकडच्या नुनाविकमधल्या इनुइट मातांचे दूध तपासले. पीसीबी हे औद्योगिक रसायन त्या दुधात दक्षिणेकडच्या शहरी मातांच्या पाचपट निघाले.

या प्रवासात आपलाही हात आहे. मुंग्यांच्या रांगेवर भुरभुरायची पांढरी गॅमेक्सिन पावडर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत फळीवर असे आणि शेतात बीएचसीची भुकटी धुरळली जाई. हे मिश्रण म्हणजे हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन किंवा एचसीएच, आणि त्याचा अल्फा नावाचा घटक उडण्यात सगळ्यांत पटाईत. आर्क्टिकच्या हवेतले त्याचे प्रमाण दोन टप्प्यांत झपाट्याने खाली आलेले दिसते. पहिली उतरण १९८३ च्या सुमारास, चीनने वापर थांबवल्यावर. दुसरी १९९० नंतर, भारताने शेतीतला वापर आवरता घेतल्यावर. संपूर्ण बंदी १९९७ मध्ये आली. विदर्भातल्या किंवा पंजाबातल्या एखाद्या शेताचे बीएचसी अमुक सीलच्या चरबीत सापडले असे कोणी दाखवलेले नाही, आणि या रसायनाने तिथल्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला असेही मी म्हणत नाही. मुद्दा दळणवळणाचा आहे. आपण भुकटी टाकणे थांबवले आणि ध्रुवाजवळची हवा निवळली, एवढा सरळ हा दुवा आहे.

आता खरा कठीण आक्षेप. पीसीबी किंवा परफ्लोरो वर्गातली रसायने डीएनएचे धागे थेट कात्रीसारखी कापत नाहीत. मग दुरुस्तीच्या जनुकाशी त्यांचा संबंध जोडणे ही ओढाताण नाही का? संबंध वळणाने जातो हे खरे. काही पीसीबी यकृतातली आणि स्तनातली ठरावीक विकरे जागी करतात. ती विकरे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे रूप बदलतात, आणि त्या बदललेल्या रूपांतली काही डीएनएला चिकटून इजा करतात. शिवाय संप्रेरकांसारखी वागणारी रसायने पेशींना अधिक वेळा विभागायला लावतात, आणि विभागणी जितक्या वेळा तितक्या वेळा तुटण्याची संधी. ग्रीनलंडमधल्या स्त्रियांवर डॅनिश आणि ग्रीनलंडच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात ३१ रुग्ण आणि ११५ निरोगी स्त्रियांची तुलना झाली. २०१४ मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष असा, की बीआरसीए-१ चा हा बदल आणि विकरांच्या जनुकांतले काही बदल धोका वाढवतात आणि रक्तात पीएफओएस व पीएफओए या परफ्लोरो रसायनांची पातळी जास्त असेल तेव्हा धोका आणखी वाढतो. पीएफओए माणसात कर्करोग घडवणारे रसायन आहे, असा निर्वाळा कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ च्या अखेरीस दिला.

एकतीस रुग्ण ही संख्या कुठल्याही सांख्यिकीतज्ज्ञाला पुरणार नाही. तो म्हणेल, मोठा अभ्यास करा, मग बोलू. पण साऱ्या ग्रीनलंडची लोकसंख्याच साठ हजारांच्या आत आहे आणि पूर्व किनाऱ्यावर ती काही हजार भरते. तिथे मोठा अभ्यास कधीच होणार नाही, कारण तेवढ्या स्त्रियाच नाहीत. लाखांच्या लोकवस्तीसाठी घडवलेले पुराव्याचे माप या किनाऱ्याला जसेच्या तसे लावले तर उत्तर कायम अपुरा पुरावा असेच येणार, आणि अपुऱ्या पुराव्याचा फायदा आपोआप रसायन बनवणाऱ्याला मिळणार. म्हणून मी म्हणतो की लहान समाजाबाबत प्रश्नच वेगळा विचारायला हवा. यंत्रणा जुळते का, इतरत्रचा पुरावा त्याच दिशेने बोट दाखवतो का, आणि चूक झाली तर कोणाला किती भोगावे लागेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकाराकडे झुकतात. तिसऱ्याचे उत्तर तर उघडच आहे. कारखान्याला पर्यायी रसायन शोधावे लागेल, आणि वाहक स्त्रीचा जीव जाईल.

तंबाखूचे काय, असेही विचारले जाईल. ग्रीनलंडमध्ये धूम्रपान फार आहे. मुले कमी होऊ लागली, उशिरा होऊ लागली, आहार बदलला, आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध जोडता येतो. हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा हलत नाही, कारण रसायने हे एकमेव कारण आहे असा माझा दावाच नाही. अंग तोकड्या दुरुस्तीचे असेल तर प्रत्येक जादा भार अधिक महाग पडतो, हा दावा आहे. इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आलेले एक जुने तत्त्व इथे लागू पडते. तुम्ही कोणाच्या डोक्यात टपली मारली आणि त्याची कवटी अंड्याच्या टरफलासारखी नाजूक निघाली, तर मला काय माहीत असे म्हणून तुमची सुटका होत नाही. इजा करणाऱ्याने समोरचा माणूस जसा आहे तसा धरायचा. इथे तर माहीत नसल्याची सबबही उरलेली नाही, अक्षर २००९ पासून छापलेले आहे. टिकाऊ विषारी रसायनांना आवर घालण्यासाठी २००१ मध्ये झालेल्या स्टॉकहोम कराराच्या प्रास्ताविकातच आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांना या रसायनांचा विशेष धोका असल्याचे मान्य केले आहे. त्या वाटाघाटींत शीला वॉट-क्लुटिए आणि त्यांच्या इनुइट सहकाऱ्यांनी आई आणि मूल कोरलेले एक शिल्प आणून ठेवले होते. इतका तांत्रिक करार एवढ्या थेट मानवी शब्दांत सुरू होण्यामागे त्यांचा आग्रह होता.

पण जबाबदारी बाहेरच्यांची म्हटल्याने जनुकाची तपासणी गैरलागू ठरत नाही. ती तर आधी हवी. एकच ज्ञात अक्षर शोधायचे असल्याने चाचणी सोपी आणि स्वस्त आहे, अख्खे जनुक वाचत बसावे लागत नाही. वाहक स्त्रीला लवकर आणि नियमित तपासणी मिळू शकते, मुले झाल्यावर अंडाशय काढून टाकण्याचा पर्याय मिळू शकतो. कर्करोग झालाच तर २०१४ पासून वापरात आलेली पार्प-रोधक औषधे आहेत. दुसरी प्रत गमावलेल्या गाठीतल्या पेशींचा दुरुस्तीचा उरलेला मार्गही ती बंद करतात, त्यामुळे त्या पेशी मरतात आणि बाकीच्या पेशी बऱ्याच अंशी तगतात. बिघाडच औषधाचा नेम धरायला उपयोगी पडतो. मात्र तासिलाकला यायचे तर कुलुसुकच्या विमानतळावरून हेलिकॉप्टर धरावे लागते, आणि कर्करोगाचे मोठे उपचार राजधानी नूकच्याही पलीकडे, थेट कोपनहेगनमध्ये. चाचणी गावात पोचली आणि पुढची वाट पोचली नाही तर आपण त्या स्त्रीच्या हातात नुसती भीती ठेवतो.

तपासणीवरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप अविश्वासाचा आहे, आणि त्यापुढे मला थबकावे लागते. १९६६ ते १९७० या काळात डॅनिश यंत्रणेने ग्रीनलंडमधल्या सुमारे ४,५०० स्त्रियांना आणि मुलींना गर्भनिरोधक तांबी बसवली. अनेकींना विचारले नव्हते, काहींना कळलेही नव्हते आणि काही तर शाळकरी होत्या. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी २०२५ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. त्याच राज्याचा डॉक्टर आज या स्त्रियांच्या मुलींना आणि नातींना सांगणार, की तुझ्या रक्तात एक अक्षर आहे, अंडाशय काढून टाकलेले बरे. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असूनही तो त्यांच्या कानांत कसा वाजेल याची कल्पना करावी. त्यात गाव एवढे लहान, की एकीचा अहवाल म्हणजे तिच्या बहिणींचा, मावश्यांचा आणि चुलत भावंडांचाही अहवाल. म्हणून विचारणारी व्यक्ती गावातली हवी, बोलणे पूर्व ग्रीनलंडच्या बोलीत हवे, नमुन्यांवरचा हक्क ग्रीनलंडकडे हवा. आणि नको म्हणणाऱ्या स्त्रीला पुन्हा कोणी कारण विचारू नये. एवढे जमत नसेल तर थांबलेले चांगले. पण थांबणे म्हणजे काहीच न करणे असेही होऊ नये, कारण चाचणी नाकारणाऱ्या स्त्रीच्या अंगातली रसायने तिच्या नकाराने कमी होत नाहीत.

तिथल्या लोकांना सील आणि अस्वल खाऊ नका असे सांगणे हा सगळ्यांत सोपा सल्ला, आणि गरोदर व तरुण स्त्रियांनी अस्वलाचे मांस व दातवाल्या देवमाशांचे मांस कमी खावे असा सल्ला दिलाही जातो. तेवढा तो योग्य आहे. पण देवमाशाच्या कातडीच्या मत्ताकमधून त्या बर्फात क जीवनसत्त्व मिळत आले आहे, चरबीतून हृदयाला उपकारक ओमेगा-३ मिळते, आणि दुकानातला पर्याय म्हणजे जहाजातून आलेले महाग, साखर आणि मैद्याचे खाणे. ग्रीनलंडच्या लोकांत स्नायूंना साखर शोषू न देणारा आणखी एक बदल आढळतो, त्यामुळे मधुमेहाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. विष टाळायला पारंपरिक ताट सोडा म्हणणे म्हणजे दुरुस्तीचा भारही त्यांनाच उचलायला लावणे. ताटातले विष ज्यांनी घातले त्यांच्याकडे जाणारा रस्ता लांब आहे, पण तो चालून होतो हे अल्फा-एचसीएचच्या उतरत्या आलेखाने दाखवले आहे. पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोमच्या यादीत आले, मात्र त्या कुळातली असंख्य भावंडे अजून यादीबाहेर आहेत.

तासिलाकच्या दवाखान्यात एखाद्या स्त्रीने स्वखुशीने हात पुढे केला, तर नळीत घेतलेल्या त्या एवढ्याशा रक्तातून दोन्ही गोष्टी वाचता येतात. पांढऱ्या पेशींतून ते अक्षर आणि रक्तद्रवातून ती रसायने. माझी मागणी एवढीच आहे की दोन्ही अहवाल एकाच दिवशी तिच्या हाती पडावेत. पहिला तिचा, तिने हवा त्याला दाखवावा. दुसऱ्याचे आकडे नाव-गाव वगळून, साऱ्या किनाऱ्याचे एकत्र करून, दर दोन वर्षांनी जिनिव्हात भरणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या बैठकीत प्रत्येक सभासद देशापुढे ठेवले जावेत. २००६ मध्ये करार मान्य केलेल्या भारताची खुर्चीही त्या बैठकीत आहे.